आधी पाहावे, मग रेखाटावे

कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्राचा अंतर्भाव असतो, आणि इंटरमिजिएटची श्रेणी दहावीला वाढीव गुण मिळवून देते. तथापि फळ्यावरील चित्र उतरविण्यास सरावलेला विद्यार्थी प्रत्यक्ष तांब्या समोर येताच अडखळतो. तांब्याचे तोंड तो गोल काढतो, बूड मात्र सरळ रेषेने! वास्तविक किंचित वरून पाहता दोन्ही लंबवर्तुळाकार दिसतात. बुडाचा आकार अधिक फुगीर. एक डोळा मिटून, हात ताठ ठेवून पेन्सिलीने उंची-रुंदीचे प्रमाण घ्यावे. खोडरबर शेवटी. स्मरणचित्रासाठी कनेरगाव नाक्यावर थांबणारी एसटी व उतरणारे प्रवासी पाच मिनिटे न्याहाळून घरी रेखाटावेत. कलाशिक्षक नसलेल्या शाळेतही एवढे सहज साधेल. पंचायतीने कोरे कागद तेवढे पुरवावेत.