आधी अक्षर, मग नक्षी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



नक्षीदार मानपत्र कसे तयार करावे, याविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसबाईंनी केली आहे. वेलबुट्टी काढायला आपणा बायकांना कुणी शिकवायला नको. रांगोळी आणि भरतकाम आपल्या हातातच असते. मी बोलणार आहे ती अक्षरांविषयी. कारण तेथेच माझी एकदा फजिती झाली.

जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्या गावच्या एका वृद्ध सुईणीचा सत्कार करावयाचे आम्ही ठरविले होते. तिच्या हातून सुखरूप झालेल्या बाळंतपणांची मोजदाद नव्हती. साठी उलटल्यावर ती साक्षरता वर्गात आपले नाव लिहायला शिकली होती.

मानपत्राचे काम माझ्याकडे आले. आपले अक्षर चांगले आहे, या भरवशावर मी सराव केलाच नाही. चार दिवस खपून आधी कडेची वेल रंगविली, सोनेरी रंग भरला आणि मग मजकूर लिहायला बसले. 'मानपत्र' हा शब्द ऐटीत लिहिला. खाली येता येता जागा कमी पडू लागली आणि शेवटी तिचे नाव वेलीला खेटून, दाटीवाटीने बसवावे लागले.

समारंभात सर्वांनी वेलीची वाहवा केली. ती मात्र ओळीवर बोट ठेवून वाचत गेली, नावाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "बाई, माझ्या नावालाच जागा उरली न्हाई व्हय?"

मला काही उत्तर सुचले नाही. मी ते मानपत्र परत मागून घेतले आणि पंधरा दिवस केवळ अक्षरे गिरविली.

समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेलाच वाहिला आहे. अक्षर घोटून सुंदर करावे, कागद आधी आखून घ्यावा, ओळीला ओळ लागू नये, भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागदाची कड झिजली तरी अक्षर शाबूत राहते, असे ते सांगतात. आपल्या जुन्नरला पूर्वी हातकागद होत असे. तसल्या कागदावर लिहिणाऱ्यांना ही शिस्त पाळावीच लागे.

आता कृती सांगते. जुनी वर्तमानपत्रे घ्या. बोरूचे टोक तिरपे कापा आणि तो शेवटपर्यंत एकाच कलाने धरा. टोकाच्या रुंदीच्या पाचपट अक्षराची उंची मी धरते. आधी नुसते उभे दांडे काढा, मग व, ब, क असे एका वळणाचे गट गिरवा. वर वेलांटी व रफार, खाली उकार यांच्यासाठी दोन ओळींत जागा ठेवा. नंतर मानपत्राच्याच मापाच्या साध्या कागदावर सगळा मजकूर लिहून पाहा. प्रथम नाव मध्यभागी बसवा आणि बाकीचा मजकूर त्याच्या बेताने मांडा. असे तीन-चार कागद झाले की हाताला मजकूर पाठ होतो. मग चांगला कागद घ्या. शाई वाळल्यावरच नक्षीला हात लावा. सोनेरी रंग सर्वांत शेवटी.

भगिनींनो, आपल्या नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे. दोन हजार वर्षे झाली, तरी दानांचे आकडे त्यात वाचता येतात. दगडावर टाकीचा घाव चुकला तर तो खोडता येत नाही. कोरणाऱ्याचा हात त्याआधी किती दगडांवर फिरला असेल!

नवे मानपत्र घेऊन मी त्या सुईणीच्या घरी गेले. या वेळी वेल अगदी साधी होती. तिने वेलीकडे पाहिलेही नाही. आपले नाव दोनदा वाचले आणि नातवाला म्हणाली, "दिव्याजवळ लाव, म्हंजी दिसंल."

पुढच्या वर्षी मानपत्र लिहिणारीने आजपासून जुनी वर्तमानपत्रे साठवावीत, एवढीच माझी विनंती आहे.