एकमार्गी वीज आणि काकांचा रेडिओ

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त, चर्चच्या छपरावरील सोलर पॅनेलच्या उद्घाटनप्रसंगी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सव समितीने आज मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. काय बोलावे ह्या विवंचनेत मी असतानाच वेदीसेवक मुलांपैकी एकाने माझी अडचण दूर केली. छपरावर पॅनेल बसविण्याचे काम चालू असता तो मला विचारू लागला, "फादर, वीज तर वर तयार होते, मग खाली ही मोठी पेटी कशाला?" ती पेटी म्हणजे इन्व्हर्टर. सूर्यप्रकाशापासून मिळणारी वीज एकमार्गी असते आणि आपल्या घरांतील पंखे, पंप इत्यादी यंत्रे उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर चालतात. म्हणून मध्ये हा दुभाषी बसवावा लागतो. मुलगा समाधान पावून खेळावयास गेला. मला मात्र एका जुन्या रेडिओची आठवण झाली. आज त्याच विजेविषयी आणि त्या रेडिओविषयी चार गोष्टी सांगण्याचे योजिले आहे.

वीज दोन चालींची आहे. एक ओढ्याच्या पाण्यासारखी सदा एकाच दिशेने वाहते. तिला लोक डी. सी. म्हणतात. दुसरी झोपाळ्याप्रमाणे पुढे जाते व मागे येते, आणि आपल्या देशात असे पन्नास झोके एका सेकंदात घेते; ती ए. सी. होय. आज घरोघरी दुसरीचे राज्य आहे. परंतु घरादारांस विजेचा पुरवठा प्रथम सुरू झाला तेव्हा मान पहिलीचा होता. इ. स. १८८२ मध्ये एडिसन साहेबांच्या व्यवस्थेने लंडनच्या हॉबर्न व्हायाडक्टवर वीजगृह उभे राहिले; ज्या इमारतींस त्याने प्रथम उजेड पुरविला त्यांत सिटी टेंपल नावाचे एक प्रार्थनामंदिरही होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील वीजगृह चालू झाले. आपल्या देशात कलकत्ता शहरास १८९९ साली वीजगृह लाभले, आणि त्या शहराच्या जुन्या भागांत पुढे कित्येक दशके घराघरांत हीच एकमार्गी वीज नांदत होती.

तिचे गुण लहान नव्हते. ती बॅटऱ्यांत साठविता येई. म्हणून रात्री मागणी उतरली की काही वीजगृहांतील यंत्रे विसावा घेत आणि साठविलेल्या विजेवर गावाचे दिवे जळत. इमारतींचे पाळणे तिच्यावर हळुवार चढत व उतरत. मुंबईची विजेची ट्राम १९०७ पासून १९६४ पर्यंत तिच्याच जोरावर धावली. आणि आपण वसईकरांनी तर तिचे उपकार विसरूच नयेत. १९३६ साली विजेची गाडी विरारपर्यंत आली ती ह्याच एकमार्गी विजेवर, आणि २०१२ साली पश्चिम रेल्वेच्या मार्गावरील बदल पूर्ण होईपर्यंत तिचा अंमल चालू होता. तुमच्या आईबापांनी पहाटेच्या गाडीने फुलांच्या व भाजीच्या टोपल्या मुंबईस नेल्या त्या तिच्याच खांद्यावरून.

मग ती घरांतून गेली का? तिच्यात एक मोठे उणे होते: तिला दूरचा प्रवास झेपत नसे. घरात वापरावयाच्या कमी दाबानेच तिला सर्व वाट चालावी लागे, आणि वाटेतच तिची शक्ती तारा तापविण्यात खर्च होई. म्हणून वीजगृहापासून सुमारे मैलभराच्या आतच तिचा उपयोग. त्यापुढे तांब्याच्या तारा इतक्या जाड घालाव्या लागत की खर्च परवडू नये. उलटसुलट विजेचे तसे नव्हे. ट्रान्सफॉर्मर नावाच्या साध्या साधनाने तिचा दाब वाढवून तिला दूर धाडता येते व गावाच्या वेशीवर तो पुन्हा उतरविता येतो. १९१५ साली खोपोलीचे जलविद्युतगृह सुरू होऊन सह्याद्रीच्या पाण्याची वीज मुंबईच्या कामी आली ती ह्याच युक्तीने.

हा ट्रान्सफॉर्मर लक्षात ठेवा, कारण माझ्या कथेतील अपराधी तोच. त्यात तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्यातील प्रवाह सतत पालटत राहिला तरच दुसऱ्यात वीज जागी होते. त्याला एकमार्गी वीज दिली तर दुसरे वेटोळे निजलेलेच राहते, आणि पहिल्यातून प्रवाह बेफाम वाहून त्याला जाळून टाकतो.

माझे वडील मुंबईस एका छापखान्यात कामाला होते व धाकटे काका कलकत्त्यास एका कचेरीत कारकून होते. मध्य कलकत्त्यातील एका जुन्या इमारतीत त्यांची एक खोली होती. १९५७ साली काकांना पहिला मुलगा झाला. त्या आनंदात वडिलांनी साठविलेल्या पैशांतून मुंबईस एक रेडिओ घेतला व कलकत्त्यास जाणाऱ्या एका गाववाल्याबरोबर धाडून दिला. त्या काळी रेडिओ म्हणजे घरचे भूषण. आमच्या स्वतःच्या घरी तो नव्हता. कलकत्त्याच्या त्या गल्लीत वीज कोणत्या चालीची, हे वडिलांना सुचले नाही आणि दुकानदारानेही विचारले नाही.

रेडिओ पोचला त्या संध्याकाळी काकूंनी टेबलावर धुतलेले वस्त्र अंथरले, शेजारपाजारची माणसे जमली, आणि काकांनी बटण दाबले. तबकडीमागचा दिवासुद्धा लागला नाही. क्षणभराने जळकट वास आला, पाठीमागून धूर निघाला, फ्यूज उडाला आणि खोलीत अंधार झाला. पुढे दिवे लागले तेव्हा शेजारच्या एका वृद्ध गृहस्थाने पाठीवरची चिठ्ठी वाचून सांगितले, "बाबा रे, हा ए. सी.चा रेडिओ, आपल्या इमारतीत डी. सी. आहे."

त्या रात्री काकांनी वडिलांना पत्र लिहिले: "दादा, रेडिओ सुखरूप पोचला. आवाज फार गोड आहे. शेजारीही ऐकावयास येतात."

सेमिनरीत आम्हांस असे शिकविले गेले की, चांगल्या हेतूनेही असत्य बोलू नये. ती शिकवण मी आजही मानतो व तुम्हांस सांगतो. तथापि भावाने पोटाला चिमटा घेऊन पाठविलेली भेट एका क्षणात जळाली, हे त्याला कसे लिहावे ह्या पेचात त्या रात्री काका किती वेळ दिव्याखाली बसले असतील, ह्याचा विचार आला म्हणजे न्यायाधीशाच्या आसनावर बसण्यास माझे मन धजत नाही.

एका असत्याला पुढे बरीच भावंडे झाली. वडील दर पत्रात विचारीत, "रेडिओ कसा चालतो?" आणि काका दर पत्रात उत्तर देत, "उत्तम." रेडिओ मात्र काकूंनी विणलेल्या जाळीच्या रुमालाखाली मुका बसला होता. तो विकावा असे काकांच्या मनात कधी आले नाही.

अशी अकरा वर्षे गेली. अखेर त्यांच्या गल्लीत उलटसुलट वीज आली. भाग्यवान लोकांना हा बदल जाणवलाही नसेल, कारण दिव्याला व इस्त्रीला कोणतीही चाल सारखीच. परंतु ज्यांचे पंखे केवळ एकमार्गी विजेचे होते त्यांचे ते निरुपयोगी झाले, आणि नवे घेण्याची ऐपत सर्वांची नव्हती. काकांचाही पंखा गेला. पण त्याच आठवड्यात त्यांनी रेडिओ कारागिराकडे नेला, जळालेले वेटोळे पुन्हा गुंडाळून घेतले, आणि १९६८ च्या नाताळच्या संध्याकाळी बटण दाबले. रेडिओ बोलू लागला! हर्षाच्या भरात, आपण मागे काय काय लिहिले होते ह्याचे भान न राहून त्यांनी पत्र टाकले: "दादा, आज रेडिओ लागला!"

वडील बुचकळ्यात पडले. अकरा वर्षे वाजणारा रेडिओ आज लागला म्हणजे काय? त्यांनी विचारणा केली, तेव्हा काकांनी चार पाने भरून सारी हकीकत लिहिली व क्षमा मागितली. आई सांगत असे की, वडिलांनी ते पत्र दोनदा वाचले, घडी करून खिशात ठेवले, आणि बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. शेवटी एवढेच म्हणाले, "चूक त्याची नाही. पाठविण्याआधी मी विचारावयास हवे होते."

बंधुभगिनींनो, जुनी व्यवस्था मोडून नवी आणताना हाच प्रश्न जगात सर्वत्र उभा राहिला. इंग्लंडात गावोगाव वीज बदलली तेव्हा अनेक ठिकाणी ग्राहकांची यंत्रे बदलून देण्याचा खर्च पुरवठा करणाऱ्यांनी सोसला. न्यूयॉर्क शहरात १९९८ च्या सुमारासही एकमार्गी विजेचे सुमारे ४,६०० ग्राहक उरले होते. पुष्कळ जुन्या इमारतींचे पाळणे तिच्यावर अवलंबून होते. त्यांची वीज एका दिवसात तोडली गेली नाही. वीज पालटणारी यंत्रे इमारतींत बसू लागली, ग्राहक एकेक करून कमी झाले, आणि शेवटच्या ग्राहकाचा पुरवठा बंद झाला तो १४ नोव्हेंबर २००७ रोजी, म्हणजे आरंभापासून १२५ वर्षांनी. नवे आणण्यात शहाणपण आहे खरे; परंतु जुन्यावर विसंबलेल्या शेवटच्या माणसासाठी थांबणे हे त्याहून कठीण काम आहे.

आणि गंमत अशी की, जिला आपण घरातून निरोप दिला ती एकमार्गी वीज मागल्या दाराने परत आली आहे. तुमच्या खिशातील मोबाइल तिच्यावर चालतो, एल. ई. डी. दिवा आतून तिच्यावरच जळतो. १९९९ साली चंद्रपूरपासून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची वाहिनी सुरू झाली ती एकमार्गी विजेचीच. ज्या दूरच्या प्रवासासाठी तिला एके काळी अपात्र ठरविले, तोच प्रवास अतिउच्च दाबाने ती आता करीत आहे. आणि आज ती आपल्या चर्चच्या छपरावर उतरली आहे.

ह्या महोत्सवाच्या वर्षी आपण आणखी पुष्कळ नवे करणार आहोत. सभागृह नवे होईल, ध्वनियंत्रणा नवी येईल, वर्गणीची पावतीही मोबाइलवर मिळू लागेल. समितीस माझी एकच विनंती आहे. प्रत्येक बटण दाबण्यापूर्वी ज्यांच्या घरी "वीज" निराळी आहे त्यांना विचारा: ज्यांना नवी यंत्रे हाताळता येत नाहीत त्या आजी, ज्यांच्यापाशी ती घेण्यास पैसे नाहीत ती कुटुंबे. ते आपल्याला दुखवू नये म्हणून "उत्तम चालले आहे" असेच म्हणतील. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. त्यांच्या घरी जाऊन एकदा रुमाल उचलून पाहा.

काकांचा तो रेडिओ आज माझ्या खोलीत आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी अवश्य यावे.