मडक्यातला संसार

कुंभकोणम या गावाचे नावच मुळी एका मडक्यावरून पडलेले आहे. प्रलयकाळी ब्रह्मदेवाने अमृत आणि सृष्टीची बीजे एका कुंभात भरून ठेवली. तो कुंभ पाण्यावर तरंगत कावेरीकाठी येऊन थांबला, किराताच्या वेषातील शंकराने बाण मारून तो फोडला आणि सृष्टीला पुन्हा आरंभ झाला, अशी तेथील आदिकुंभेश्वराच्या देवळाची कथा आहे. व्यंकोजीराजांच्या मागोमाग तंजावर प्रांतात जी मराठी घराणी गेली, त्यांतील काही या गावात स्थिरावली. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्मही इथलाच, १८२८ सालचा. अशाच एका मराठी घरात, माझ्या आत्याबाईंच्या परसात, मी आणखी काही मडकी पाहिली. त्यांचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

ही मडकी एका प्रशस्त जाळीच्या पिंजऱ्यात उंचावर आडवी बांधलेली होती. आत लव्हबर्ड नावाच्या पक्ष्यांचा संसार होता. बाजारात याच नावाने पुष्कळदा ऑस्ट्रेलियातील बजरीगर विकतात. परंतु खरा लव्हबर्ड आफ्रिकेचा. आत्याबाईंकडील जात गुलाबी चेहऱ्याची, मूळची नैऋत्य आफ्रिकेच्या कोरड्या प्रदेशातील. तेथे हे पक्षी खडकांच्या कपारींत किंवा सुगरणीच्या कुळातील पक्ष्यांच्या घरट्यांत राहतात. मडक्याचा काळोख त्यांना म्हणूनच मानवत असावा.

या जातीत नरमादी दिसावयास सारखीच. दोन माद्यांचीही जोडी जमते, दोघीही अंडी घालतात आणि पाळणारा आठदहा अंडी पाहून हर्षभरित होतो; पण त्यांतून पिल्लू कधीच निघत नाही. खरी जोडी वर्षाची झाली की मगच तिला मडके द्यावे. आत्याबाई नारळाच्या हिरव्या झावळीच्या पाती पिंजऱ्यात टाकीत. मादी चोचीने त्यांच्या लांब पट्ट्या कापी, त्या कमरेवरच्या पिसांत खोची आणि मडक्याकडे उडे. डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेल्या फिशर जातीची मादी अशी पट्टी चोचीतून नेते. अमेरिकेतील विल्यम डिल्गर यांनी या दोन जातींचा संकर करून त्याचा वृत्तान्त १९६२ साली प्रसिद्ध केला. संकरित माद्या पट्ट्या पिसांत खोचू पाहत, पण त्या तेथे टिकत नसत. चोचीने नेण्याचा साधा मार्ग त्यांच्या नीट अंगवळणी पडण्यास सुमारे तीन वर्षे लागली. भिन्न जाती एका पिंजऱ्यात ठेवू नयेत, याचे याहून बोलके कारण सांगता येणार नाही.

मादी एक दिवसाआड एक अशी चारसहा अंडी घालते आणि सुमारे तेवीस दिवस ती उबविते. या काळात नर तिला भरवितो. राळे, बाजरी, मोड आलेले मूग, शेवग्याचा पाला आणि उकडलेले अंडे हा तिचा आहार. समुद्रफेसाचा तुकडा जाळीला अडकवलेला हवाच. चुना कमी पडला तर अंडे पोटात अडकून मादी दगावते. अंघोळीला उथळ पाणी रोज द्यावे. ओल्या पिसांनी ती अंड्यांवर बसते आणि त्या ओलाव्याने कवचाखालचा पापुद्रा सुकून ताठर होत नाही. पिंजऱ्याचे पाय मात्र पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत, कारण मुंग्या उघड्या पिल्लांना जिवंत खातात.

आता माझ्याकडून घडलेला अपराध सांगतो. तेविसाव्या दिवशी आत्याबाई देवळात गेल्या असता मी मडक्यात डोकावलो. एका अंड्याला बारीक टोचा पडलेला होता आणि आतून क्षीण चिवचिव ऐकू येत होती. दोनतीन तास मी वाट पाहिली. टोचा तेवढाच. माझा जीव कळवळला आणि मी नखाने कवच अलगद सोलू लागलो. पापुद्र्यातून रक्ताचा थेंब आला. दुसरा आला. संध्याकाळपर्यंत ते पिल्लू गेले होते.

आत्याबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एवढेच सांगितले, "अरे, टोचा पडल्यावर एक दिवस, कधी त्याहूनही अधिक लागतो. तेवढ्या वेळात त्याचे रक्त कवचाकडून अंगात परतते आणि उरलेला बलक पोटात जातो. ते थांबलेले नव्हते, त्याचे काम चालले होते." कुंभेश्वराची कथा मला त्या रात्री निराळीच वाटली. बाण मारण्याची वेळ देवाला ठाऊक होती, मला नव्हती.

उरलेली तीन पिल्ले एकेक दिवसाच्या अंतराने निघाली. डोळे मिटलेली, अंगावर विरळ गुलाबी लव. थोरले मान उचलून घास मागे, तेव्हा धाकटे त्याच्या अंगाखाली दडपलेले असे. अशा वेळी दिवसातून एकदा, मादी स्वतःहून बाहेर आली असता, गळ्याखालची अन्नपिशवी भरलेली आहे की नाही एवढे पाहावे आणि मडके सोडावे. पिल्लू बाहेर पडले तर तळहातात आधी ऊब द्यावी आणि परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई त्याला टाकते हा गैरसमज आहे. थंड पडलेल्या पिल्लाला भरवू नये, त्याला अन्न पचत नाही. तोंडात पाणी वा दूध घालणे तर घातकच, कारण थेंब श्वासनलिकेत उतरतो.

सुमारे सहा आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. पुढे पंधरवडाभर बाप त्यांना भरवितो. वर्षातून दोन वीण झाल्या की मडके काढून ठेवावे, नाही तर मादी झिजून जाते. आणखी एक विचार मडके बांधण्यापूर्वीच करावा. ही पिल्ले आपल्या रानात सोडून जगणारी नाहीत. प्रत्येकाला आयुष्यभराचे घर लागते. आपला रानपोपट पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याने मनाई आहे, आणि फिशरसारख्या परदेशी जातींची नोंदणी २०२२ च्या दुरुस्तीने बंधनकारक झाली आहे.

मी निघालो त्या दिवशी धाकट्याने मडक्याच्या तोंडाशी येऊन प्रथमच बाहेर पाहिले. मी हात पुढे केला, आणि मग मागे घेतला. आत्याबाईंनी ते पाहिले असावे. त्या काही बोलल्या नाहीत. झावळीची एक पात तोडून त्यांनी माझ्या हाती दिली आणि ती पिंजऱ्यात टाकावयास सांगितले.