डोळ्याचा जुना कागद जपून ठेवा
(वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आज थोड्या वेळात उरकते, म्हणून ती सोपी असा समज आहे. परंतु ज्या डोळ्यावर पूर्वी शस्त्रक्रिया झाली, तो डोळा पहिल्यासारखा राहिलेला नसतो.

आमच्याकडे एक निवृत्त गृहस्थ आले होते. आम्ही मोजमाप घेऊन भिंग बसविले. नजर मात्र चुकली. प्लसचा नंबर आला. चौकशी करता कळले, पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी लेसरने चष्मा घालविला होता. "ते चष्म्याचं होतं, मोतीबिंदूचं नव्हे," असे ते म्हणाले. त्यांनी सांगितले नाही हे खरे. पण आम्हीही विचारले नाही, ही चूक आमची.

याचे कारण समजून घेऊ. डोळ्याची सुमारे दोन तृतीयांश शक्ती पारपटलात, म्हणजे कॉर्नियात असते. मायनस नंबर घालविताना लेसर त्याचा पुढचा भाग सपाट करतो. नेहमीचे यंत्र पुढचाच भाग मोजते आणि मागच्या भागाचा अंदाज बांधते. तो अंदाज येथे चुकतो आणि कमी शक्तीचे भिंग निवडले जाते. त्यासाठी वेगळी सूत्रे व मागची बाजूही मोजणारी यंत्रे आज उपलब्ध आहेत. पण लेसर झाला हे आधी कळले तरच त्यांचा उपयोग!

पडद्याच्या शस्त्रक्रियेत डोळ्यातील जेली काढतात. त्यानंतर पन्नाशीपुढच्या बहुतेकांना मोतीबिंदू लवकर होतो. भिंगामागचा आधार गेल्याने शस्त्रक्रियेच्या वेळी भिंग पुढेमागे हलते. पडद्यासाठी सिलिकॉन तेल भरलेले असेल, तर त्यात ध्वनिलहरी हळू जातात आणि सोनोग्राफीने डोळ्याची लांबी खोटीच जास्त येते.

काचबिंदूसाठी पाण्याला नवी वाट करून दिलेली असेल, तर मोतीबिंदूनंतरच्या सुजेने ती बुजू शकते. म्हणून पुढेही दाब तपासत राहावे लागते.

तेव्हा डोळ्याचा जुना कागद, मग तो कितीही पिवळा पडो, फेकू नका. लेसरपूर्वीचा चष्म्याचा नंबरही जपा. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी जाऊन आजी-आजोबांना विचारा, "डोळ्याला पूर्वी काही केले होते का?" उत्तर तारखेसह वहीत लिहून ठेवा. ती एक ओळ त्यांची नजर वाचवू शकेल.