ढालीची साक्ष



ऑक्टोबर १३८६. इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टर इथं एक साक्ष नोंदवली जात होती. साक्षीदार होता जेफ्री चॉसर, इंग्रजी कवितेचा आद्य पुरुष म्हणून आपण ज्याचं नाव घेतो तोच. दावा होता सर रिचर्ड स्क्रूप आणि सर रॉबर्ट ग्रोव्हनर या दोन सरदारांमधला. भांडण जमिनीचं नव्हतं की पैशाचं नव्हतं. निळ्या ढालीवर तिरका सोनेरी पट्टा, एवढंच ते चिन्ह, आणि ते कुणाचं हा प्रश्न. आदल्या वर्षी राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला, तेव्हा त्याच्याच सैन्यात हे दोघंही तीच ढाल घेऊन उतरले होते. शेकडो साक्षी झाल्या आणि शेवटचा निकाल लागायला १३९० साल उजाडलं.

एका पट्ट्यासाठी माणसं इतकी का झगडली, हे समजलं की युरोपातली कुलचिन्हं समजतात.

१०६६ साली इंग्लंडमध्ये झालेल्या हेस्टिंग्जच्या लढाईचं चित्रण फ्रान्समधल्या बायोच्या प्रसिद्ध भरतकामात आहे. त्यातल्या ढालींवर आकृत्या आहेत, पण त्यांवरून माणूस ओळखता येत नाही. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम पडला अशी हूल उठते, तेव्हा त्याला शिरस्त्राण वर सारून स्वतःचा चेहरा दाखवावा लागतो. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत शिरस्त्राणांनी चेहरा जवळपास पूर्ण झाकला. रणांगणात आणि सरदारांच्या झुंजींच्या सामन्यांत आपला कोण, परका कोण, हे दुरून कळायला हवं होतं. ते काम ढालीनं केलं.

फ्रान्समधल्या आंजूचा जॉफ्री ११५१ मध्ये वारला. ल मां शहरात त्याच्या कबरीवर मीनाकारीचा एक पत्रा होता. तो आजही जपलेला आहे. त्यात जॉफ्रीच्या हाती निळी ढाल आहे आणि तिच्यावर सोनेरी सिंह आहेत. त्याचा नातू विल्यम लाँगस्पे १२२६ मध्ये वारला, आणि सॉल्सबरीच्या कॅथिड्रलमधल्या त्याच्या कबरीवरही तेच सिंह आहेत. आजोबांचं चिन्ह नातवाकडे आलं होतं. एका माणसाची खूण आता घराण्याची झाली होती.

खूण दुरून ओळखू यायची, तर रंगांना शिस्त हवी. सोनेरी आणि रुपेरी हे दोन धातू मानले गेले. लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू नको, रंगावर रंग नको, असा नियम ठरला. निळ्यावर सोनेरी चालतं, निळ्यावर काळं चालत नाही. आज रस्त्यावरच्या पाट्या रंगवतानाही फिक्यावर गडद आणि गडदावर फिकं हेच तत्त्व पाळलं जातं.

ढाली ओळखणं हा पुढे स्वतंत्र व्यवसाय झाला. हे जाणकार सामन्यांत नावं पुकारत, लढाईनंतर ढालींवरून मृतांची ओळख पटवत, सगळ्या चिन्हांच्या नोंदी ठेवत. १४८४ मध्ये राजा तिसऱ्या रिचर्डनं लंडनमध्ये त्यांना सनद देऊन एक संस्था उभी केली. ती संस्था आजही नवी चिन्हं देते.

आता अर्थाकडे वळू. सिंह म्हणजे शौर्य, निळा म्हणजे निष्ठा, अशा याद्या पुष्कळ छापल्या गेल्या, पण त्यातले बरेचसे अर्थ मागाहून चिकटवलेले आहेत. मूळ चिन्हं अनेकदा साध्या नावावरून आली. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या ढालीवर अस्वल, स्पेनमधल्या कास्तीयच्या ढालीवर किल्ला, लेऑनच्या ढालीवर सिंह, कारण त्या नावांतून त्या त्या शब्दांचा भास होतो. कास्तीय आणि लेऑन ही राज्यं १२३० मध्ये एका राजाकडे आली, तेव्हा ढालीचे चार भाग करून किल्ला आणि सिंह शेजारी शेजारी बसवले गेले. वाचता न येणाऱ्या माणसालाही ही राज्यं एक झाल्याचं कळत होतं.

ढाल हक्कही सांगत असे. १३४० मध्ये इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डनं फ्रान्सच्या गादीवर दावा सांगितला आणि आपल्या सिंहांशेजारी फ्रान्सची लिलीची फुलं घेतली. फ्रान्सच्या भूमीवरचं कॅले हे शेवटचं ठाणंही इंग्रजांनी १५५८ मध्ये गमावलं. पण ती फुलं इंग्रज राजांच्या ढालीवरून उतरली ती १८०१ मध्ये.

कुलचिन्हं फक्त सरदारांची होती हा समज चुकीचा आहे. शहरं, मठ, कारागिरांचे संघ, स्वित्झर्लंडमधली शेतकरी घराणी, सगळ्यांकडे ती होती. इंग्लंडमध्ये अविवाहित स्त्रिया आणि विधवा ढालीऐवजी शंकरपाळ्याच्या आकारात आपलं चिन्ह मांडत. १६९६ मध्ये फ्रान्सच्या राजा चौदाव्या लुईनं तिजोरी भरण्यासाठी चिन्हांच्या नोंदणीवर शुल्क बसवलं, तेव्हा लाखाहून अधिक नोंदी झाल्या. १७९० मध्ये क्रांतिकारकांनी सरदारकीसोबत चिन्हंही रद्द केली, आणि फ्रान्सभर दरवाजांवरच्या ढाली छिन्नीनं तासल्या गेल्या.

आपल्याजवळचा पुरावा जुन्या गोव्यात आहे. असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये पायाखालच्या फरशीत पोर्तुगीज घराण्यांच्या थडग्यांच्या शिळा आहेत, आणि त्यांवर त्यांची कुलचिन्हं कोरलेली आहेत. मायदेशापासून इतक्या दूर मरण आलं, तरी आपण कोण हे दगडावर लिहून ठेवायचं होतं.

स्क्रूप आणि ग्रोव्हनर यांच्या दाव्यात चॉसर काय म्हणाला? फ्रान्समधल्या मोहिमेत त्यानं स्क्रूप घराण्याला ही ढाल मिरवताना पाहिलं होतं. पुढे लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवर एका घराबाहेर तेच चिन्ह टांगलेलं दिसलं, म्हणून त्यानं चौकशी केली, तर ते ग्रोव्हनरचं असल्याचं कळलं. ग्रोव्हनरचं नाव त्यानं तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. इतर साक्षीदारांनी चर्चच्या काचा, कबरी, धर्मगुरूंची वस्त्रं यांवर स्क्रूपचं चिन्ह पाहिल्याचं सांगितलं. राजानं चिन्ह स्क्रूपला दिलं. त्यानंतर ग्रोव्हनर घराण्यानं निळ्या ढालीवर सोनेरी गव्हाची पेंढी घेतली, आणि त्याच घराण्यातल्या वेस्टमिन्स्टरच्या ड्यूककडे ती आजही आहे.

या निकालात मला कुलचिन्हाचं सार दिसतं. निळा रंग आणि सोनेरी पट्टा कुणालाही रंगवता आला असता. पण ही ढाल याची आहे असं शेजारी, सोबती आणि गावकरी सांगत, तेव्हाच ती त्याची होत असे. आज युरोपात प्रवाशांना आडनावावरून तयार कुलचिन्ह विकणारी दुकानं आहेत. इंग्लंडच्या परंपरेत मात्र चिन्ह आडनावाला मिळत नाही. ते ज्याला दिलं, त्याला आणि त्याच्या वंशजांनाच मिळतं. आपल्यापैकी जे तिकडे राहतात किंवा जाणार आहेत, त्यांनी एखाद्या जुन्या नगरभवनावरची ढाल सावकाश पाहावी. आधी रंग, मग भाग, मग आकृत्या. कोण कुणाशी जोडलं गेलं आणि कुणी कशावर हक्क सांगितला, हे त्या क्रमानं उलगडत जाईल.