टर्बो घ्यायची, पण कोणत्या सालची?



जुनी गाडी घ्यायची म्हटलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कोणत्या सालची?’ आज याच प्रश्नाविषयी बोलायचं आहे. उदाहरण मात्र जरा लांबचं आहे. जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या पोर्श कंपनीची ‘९११ टर्बो’. जाणकार तिला ‘९३०’ या नावाने ओळखतात. १९७५ ते १९८९ या काळात ती निघाली. लांबून पाहिलं तर सगळ्या सारख्याच. पण साल बदललं की स्वभाव बदलतो. अमेरिकेतल्या माझ्या भाच्याने ‘मामा, यातली कोणती घेऊ?’ असं विचारलं, तेव्हा त्याला जे सांगितलं तेच आपल्यापुढे मांडतो.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू एरवी सायलेन्सरमधून वाया जातो. टर्बोचार्जरमध्ये त्याच वायूने एक चक्र फिरतं, आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. पण इंजिन हळू फिरत असताना वायूला जोर नसतो. ॲक्सिलरेटर दाबला तरी क्षणभर काहीच होत नाही आणि मग सगळी ताकद एकदम येते. त्यातून या गाडीचं इंजिन अगदी मागे, मागच्या चाकांच्याही पलीकडे. वळणावर ताकद अचानक आली, चालक घाबरला आणि त्याने पाय उचलला, की भार पुढे जातो, मागच्या चाकांची पकड सुटते आणि गाडीची शेपूट फिरते. इंग्रजीत या गाडीला ‘विधवा करणारी’ असं नाव पडलं ते यामुळेच. तेव्हा साल निवडताना पैशाइतकाच जिवाचाही विचार करायला हवा.

ही गाडी १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांसमोर आली. तेलसंकटाने पेट्रोल महागलं होतं, त्या दिवसांत! सुरुवातीचं इंजिन ३ लिटरचं, २६० अश्वशक्तीचं. ब्रेक मात्र साध्या ९११ च्याच जातीचे. या पहिल्या गाड्या वजनाने हलक्या, संख्येने कमी, म्हणून संग्राहकांच्या लाडक्या. ठेवायला उत्तम, पण शिकाऊ हाताला सर्वांत कमी माफ करणाऱ्याही याच.

१९७८ च्या मॉडेलमध्ये मोठा बदल झाला. इंजिन ३.३ लिटरचं झालं, ताकद ३०० अश्वशक्तीवर गेली. दाबलेली हवा तापते आणि विरळ होते. ती गार करणारा इंटरकूलर बसवला. तो मावावा म्हणून मागच्या पंखाचा आकार बदलला. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ब्रेक ‘९१७’ या शर्यतीच्या गाडीवरून घेतले. धावण्याच्या जोडीला थांबण्याचीही ताकद आली. गिअर मात्र चारच राहिले, कारण कंपनीच्या तेव्हाच्या पाच गिअरच्या पेटीला एवढा जोर झेपणारा नव्हता.

अमेरिकेत धुराचे नियम कडक झाल्याने १९७९ नंतर तिथली विक्री थांबली, ती १९८६ ला पुन्हा सुरू झाली. मधल्या सालची गाडी तिथे दिसली, तर ती बहुधा खासगीरीत्या आणून नियमांत बसवलेली. ते काम कुणी आणि कसं केलं, हे तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

शेवटचं साल १९८९. त्या एकाच वर्षी पाच गिअरची भक्कम पेटी आणि हायड्रॉलिक क्लच आला. गिअर जवळजवळ आल्याने इंजिन टर्बोच्या पट्ट्यात राहतं, तो मधला थांबा कमी जाणवतो. चालवायला हीच सर्वांत चांगली. पण एकाच वर्षाची असल्याने तिची किंमतही तशीच चढी.

मग भाच्याला काय सांगितलं? ऐपत असेल तर १९८९. नाहीतर १९८६ ते ८८ मधली. पण साल ही अर्धीच गोष्ट. इंजिनाचा आणि सांगाड्याचा क्रमांक कागदाशी जुळवून बघ. इंजिन गार असताना सुरू करून धूर बघ. सिलिंडरमध्ये हवा भरून दाब किती गळतो ते तपासून घे. सिलिंडरचं डोकं धरून ठेवणारे लांब बोल्ट या इंजिनात तुटतात आणि ते बदलायला सगळं इंजिन खाली उतरवावं लागतं. जास्त वेगाच्या हौसेपायी आधीच्या मालकाने टर्बोचा दाब वाढवलेला आहे का, हेही विचार. सर्व्हिसच्या पावत्या नसलेल्या १९८९ पेक्षा पावत्यांची फाईल असलेली १९८७ केव्हाही बरी. आणि घेतल्यावर पहिले सहा महिने पावसात वळणावर पाय जपून.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात अशी गाडी उभी राहील. पण जुनी स्कूटर घ्या, जीप घ्या नाहीतर ट्रॅक्टर, हिशेब हाच. सालावरून कंपनीने काय दिलं ते कळतं. मालकाने त्याचं काय केलं, हे पावत्या आणि इंजिन सांगतात. म्हणून ‘कोणत्या सालची?’ हे जरूर विचारा, पण लगेच दुसरा प्रश्नही विचारा, ‘कुणाच्या हातात होती?’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)