पडद्याआडचा शिकारी आणि आपला कायदा
(विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



शिक्षण, वसतिगृह, शिष्यवृत्ती या विषयांवर बोलणारे वक्ते आज व्यासपीठावर आहेतच. आम्ही मुद्दाम निराळा विषय घेतला आहे. अभ्यासासाठी म्हणून जो मोबाईल आपल्या मुलांच्या हाती आला, त्याच वाटेने घरात शिरणाऱ्या अनोळखी माणसाचा हा विषय आहे. त्याला अडविणारा कायदा कोठे तोकडा पडतो आणि तो बळकट करण्यासाठी आपण काय मागावे, एवढेच आम्हाला सांगावयाचे आहे.

हा मनुष्य प्रथम काहीही वावगे बोलत नाही. मुलगा ज्या खेळात रमला आहे त्या खेळात तो सोबती होतो. मुलीच्या फोटोचे कौतुक करतो. आपणही सोळा-सतरा वर्षांचेच आहोत असे भासवतो. घरचे रागावले की समजूत घालतो. असे आठवडे जातात, कधी महिने जातात. मग एक फोटो मागितला जातो. तो हाती पडला की गोड बोलणे संपते आणि धमकी सुरू होते : आणखी पाठव, पैसे पाठव, नाहीतर वडिलांना दाखवतो. हे फक्त मुलींच्या बाबतीत घडते असे कोणी समजू नये. पैशासाठी दिल्या जाणाऱ्या अशा धमक्यांचे बळी बहुधा १४ ते १७ वयाचे मुलगे असतात, असा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने दिलेला आहे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २०१२ साली संसदेने बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पोक्सो कायदा केला. इलेक्ट्रॉनिक साधनाने लैंगिक हेतूने मुलाचा वारंवार पिच्छा पुरविणे, खऱ्या वा बनावट चित्राची धमकी देणे, हे त्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हे आहेत व त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६७ बी हे कलम आले. मुलांना फूस लावून ऑनलाईन संबंधात ओढणाऱ्याला पहिल्या अपराधासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे.

पण कायद्यात एकेका शब्दाला किती किंमत असते, ते नागपूरच्या प्रकरणाने दाखविले. बारा वर्षांच्या मुलीच्या अंगाला कपड्यांवरून हात लावला, त्वचेला त्वचा लागली नाही, म्हणून पोक्सोचा लैंगिक हल्ला होत नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये दिला. महाराष्ट्रभर संताप उसळला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरात तो निर्णय रद्द केला आणि आरोपीचा हेतू पाहावा असे सांगितले. आता विचार करा, जेथे हात लावला गेला होता तेथेही शब्दाचा एवढा काथ्याकूट झाला. मग जेथे गुन्हेगार शेकडो मैलांवर बसलेला आहे आणि स्पर्श मुळीच नाही, तेथे कायद्याची भाषा किती नेमकी असावयास हवी!

ती तशी नाही. ६७ बी मधील फूस लावण्याच्या पोटकलमात लैंगिक कृत्याचा संबंध हवा, अथवा ते वागणे समंजस प्रौढ माणसाला आक्षेपार्ह वाटेल असे हवे. परंतु सुरुवातीचे गोड बोलणे कोणत्याही समंजस माणसाला निरुपद्रवीच वाटते. शिकारी त्याचाच फायदा घेतो. तेव्हा अशा हेतूने मुलाशी संधान बांधणे हाच स्वतंत्र गुन्हा, असे स्वच्छ शब्दांत लिहिले पाहिजे. इंग्लंडमध्ये लैंगिक हेतूने मुलाशी संभाषण करणे हाच गुन्हा ठरविणारे कलम मार्च २०१५ मध्ये संमत झाले. मात्र ते अंमलात यायला एप्रिल २०१७ उजाडले. कायदा संमत झाला म्हणून मागणी करणाऱ्यांनी घरी जाऊन झोपू नये, हेही त्यातून शिकण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट कंपन्यांची. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या शोषणाची दृश्ये बाळगण्याबाबत महत्त्वाचा निर्णय दिला. अशा दृश्यांना 'चाईल्ड पोर्नोग्राफी' म्हणू नये, ते शोषणाचे साहित्य आहे, तसा बदल संसदेने करावा, असे सुचविले. अमेरिकेतील संस्थेला कळविले की आपली जबाबदारी संपली, असे कंपन्यांना म्हणता येणार नाही, येथील पोलिसांनाही कळविले पाहिजे, असेही बजावले. हे फार चांगले झाले. पण पुराव्याचे काय? आपल्या २०२१ च्या नियमांप्रमाणे काढून टाकलेला मजकूर कंपनीने तपासासाठी साधारणतः १८० दिवस जपावयाचा असतो. अमेरिकेने २०२४ मध्ये कळविलेल्या प्रकरणांतील पुरावा जपण्याची मुदत ९० दिवसांवरून एक वर्ष केली. भेदरलेले मूल सहा महिन्यांत तोंड उघडेल असे ज्याला वाटते, त्याने मुले पाहिलेली नाहीत.

मूल बोलत का नाही? बोलले की घरात पहिला निर्णय मोबाईल काढून घेण्याचा होतो आणि मुलगी असेल तर दुसरा निर्णय शाळा बंद करण्याचा होतो, हे मुलांना पक्के ठाऊक असते. ज्या घरातून पहिलीच मुलगी कॉलेजात पोहोचली आहे, त्या घरात या एका निर्णयाने दोन पिढ्यांचे कष्ट वाया जातात. धमकी देणाऱ्याची खरी ताकद याच भीतीत आहे. म्हणून माता-पित्यांना आमची विनंती आहे, शिक्षा मुलीला करू नका.

पोलिसांत जाण्याची भीतीही अनाठायी आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी, साध्या वेषातील अधिकाऱ्याने, पालकांसमक्ष घ्यावा असे पोक्सो सांगतो. मुलाचे नाव छापता येत नाही. 'आमची हद्द नाही' ही सबब आता चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे कोणत्याही ठाण्याने गुन्हा नोंदवून घ्यावयाचा आहे. मात्र लाजेपोटी संभाषण पुसून टाकू नका. तोच तुमचा पुरावा आहे.

कायदा कडक करताना एक सावधगिरी हवी. पोक्सोच्या दृष्टीने अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. सतरा वर्षांच्या दोन मुलांनी एकमेकांना लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि चाळीस वर्षांच्या माणसाने रचलेला सापळा एकाच तराजूत तोलला जाऊ नये. नव्या कलमाचा रोख प्रौढांवर असावा.

आणि संस्थांनीही स्वतःकडे पाहावे. असा गुन्हा घडल्याचे कळूनही पोलिसांना न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत. वसतिगृह व अभ्यासिका चालविणाऱ्या प्रत्येक कार्यकारिणीने हे कलम १९ व २१ वाचून घ्यावे.

स्वतंत्र कलम, पुरावा जपण्याची वाढीव मुदत आणि वेळेत न कळविणाऱ्या कंपनीला जबर दंड, या मागण्यांचे निवेदन आम्ही आपल्या खासदारांसाठी तयार केले आहे. ते दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहे. सह्या करण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी ते वाचावे व काही सुचवावयाचे असल्यास समासात लिहावे. शेजारीच १०९८ या बाल-मदत क्रमांकाचे फलक आहेत. प्रत्येक शाखेने जाताना दोन घेऊन जावेत, एक अभ्यासिकेसाठी आणि एक मुलींच्या वसतिगृहासाठी.